खजुरीचा घड व त्याची अरबी नावे

गेल्या झावळ्यांच्या रविवारी उपासना आटोपल्यावर आठवीतील एक विद्यार्थी हातातली झावळी तशीच मिरवीत आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, यरुशलेमेत माड होते काय?" मुलाचे घर समुद्रकाठी, झावळी म्हणजे माडाची, ह्याविषयी त्याच्या मनात शंकेला जागाच नव्हती. आम्ही त्यास सांगितले की, योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ज्या झाडाच्या फांद्या घेऊन लोक बाहेर पडले ते झाड खजुरीचे होय; आपल्याकडे खजुरी सहसा नसल्यामुळे आपण माडावर भागवतो. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. "मग खजुरीच्या झावळीला तिकडचे लोक काय म्हणतात?" ह्या दुसऱ्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. अशा वेळी शिक्षकाने काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी असा एक प्रघात आहे. तो आम्ही त्या दिवशी पाळला, आणि रात्री त्याची लाज वाटून कोश उघडले. एका झावळीचे नाव शोधावयास गेलो, तो एका झाडाभोवती उभा राहिलेला सबंध संसारच पुढे आला. त्याची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, म्हणून हा लेख.

प्रथम त्या मुलाचे उत्तर देऊन टाकू. पानांसकट खजुरीच्या झावळीस अरबीत 'सअफ' म्हणतात. तिची पाती ओरबाडून काढली म्हणजे जो दांडा उरतो तो 'जरीद'. सुट्या पात्यांस 'खूस'. जरीदाच्या टोपल्या, पिंजरे व खाटा होतात, खुसाच्या चटया व पंखे होतात. तेव्हा दोन नावे दोन धंद्यांची आहेत. झावळी तोडल्यावर खोडाशी जो रुंद बुंधा राहतो तो 'करब', व त्याभोवतालचा काथ्यासारखा धागा तो 'लीफ'. इजिप्तमधील ख्रिस्ती लोक आपल्या झावळ्यांच्या रविवारास 'सअफाचा रविवार' व 'खुसाचा रविवार' अशी दोन्ही नावे देतात, आणि त्या दिवशी खुसाची पाती विणून त्यांचे लहान क्रूस करतात. ज्या इब्री भाषेत आपला जुना करार लिहिला गेला ती अरबीची बहीणच. तीत खजुरीच्या झाडास 'तामार' म्हणतात. पवित्र शास्त्रात ह्या नावाच्या स्त्रिया आहेत हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अरबीत हाच शब्द 'तम्र' ह्या रूपाने आहे, परंतु तेथे तो झाडाचा नसून वाळलेल्या फळाचा आहे. झाडास अरब 'नख्ल' म्हणतो, व एकच झाड असेल तर 'नख्ला'. जाता जाता आणखी एक मौज सांगतो. आपल्या चिंचेस अरबांनी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले, व तेच पुढे युरोपात जाऊन इंग्रजीतील 'टॅमरिंड' झाले. आंबट चिंचेस खजूर म्हणणाऱ्याने ती चाखण्यापूर्वीच नाव ठेविले असावे, असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

अरबीत सिंहास अमुक शे शब्द आहेत, उंटास अमुक हजार आहेत, अशी विधाने विद्यार्थी पाठ करितात व वक्तृत्वस्पर्धेत म्हणून दाखवितात. ती आम्हांस फारशी रुचत नाहीत. पुष्कळ शब्द निरनिराळ्या टोळ्यांचे असतात, पुष्कळ केवळ विशेषणे असतात, आणि कोशकार ते सर्व एका पानावर आणून बसवितो. शब्दांची मोजदाद करून एखाद्या भाषेची थोरवी ठरत नाही. आपल्या कोकणातील कोणत्याही आजीस विचारा: माड, पोय, पेंड, झावळी, चुडत, हीर, शहाळे, असोला नारळ, सोडण, काथ्या, करवंटी, खोबरे ही नावे ती एका दमात सांगेल, आणि आपण काही विशेष केले असे तिला वाटणारही नाही. शहाळे मागितले असता असोला नारळ देऊन चालत नाही, एवढेच तिचे व्याकरण. खजुरीच्या शब्दांकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. जेथे हात घालावयाचा, जेथे किंमत ठरावयाची, जेथे भांडण व्हावयाचे, तेथे तेथे शब्द उभा आहे.

हे शब्द जमविण्याचे काम फार जुन्या काळी झाले. बसरा हे शहर खजुरींच्या बनांत वसलेले, व अरबी भाषाशास्त्राचे ते एक माहेरघर. तेथील अस्मई हा पंडित नवव्या शतकाच्या आरंभापर्यंत हयात होता. वाळवंटातील लोकांच्या तोंडचे शब्द वेचण्याबद्दल त्याची ख्याती आहे. त्याचा शिष्य अबू हातिम सिजिस्तानी ह्याने तर खजुरीवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पुढे स्पेनमध्ये इब्न सीदा नावाच्या पंडिताने विषयवार रचलेला एक प्रचंड कोश तयार केला, व त्यात खजुरीस मोठे प्रकरण दिले. हा इब्न सीदा (मृत्यू १०६६) आंधळा होता. ज्या रंगभेदांवरून खजुराच्या अवस्था ओळखावयाच्या, ते रंग त्याने केवळ ऐकून लिहिले. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन ह्या इंग्रज पंडिताने अशा जुन्या कोशांवरून आपला अरबी–इंग्रजी कोश रचला. त्याचा पहिला भाग १८६३ मध्ये निघाला, व काम पुरे होण्यापूर्वीच, १८७६ मध्ये, लेन वारला. आमच्यासारख्यांस ह्या विषयात वाट सापडते ती बहुतांशी त्याच्या श्रमांमुळे.

झाडाच्या उंचीची नावे थोडक्यात आटोपतो. मूळ खजुरीच्या बुडाशी फुटलेले पिलू म्हणजे 'फसीला'. लागवड ह्याचीच करितात. झाड वाढून हाताच्या आटोक्याबाहेर गेले की ते 'जब्बार'. हाच शब्द बलाढ्य पुरुषासही लावितात. त्याहून उंच ते 'बासिक', आणि खूप उंच वाढून खोड उघडेबोडके झालेले ते 'सहूक'. ह्यात शब्दांची चैन नाही. फळ काढावयाचे ते झाडावर चढून, आणि चढणाऱ्यास झाड केवढे आहे हे घर सोडण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

आता मुख्य विषय जो घड त्याकडे वळू. खजुरीत नर व मादी अशी निरनिराळी झाडे असतात. वसंताच्या सुमारास झावळ्यांच्या बेचक्यांतून म्यानासारखी लांबट कोषे बाहेर येतात व उकलतात. आतील पांढऱ्या फुलोऱ्यास 'तलअ' म्हणतात. नराचा फुलोरा तोडून आणून त्याच्या काही काड्या मादीच्या फुलोऱ्यात खोचाव्या लागतात. वाऱ्यावर भरवसा ठेवला तर फळ थोडे व निकस धरते. हाताने हे काम केले तर एक नर सुमारे पन्नास माद्यांस पुरतो. ह्या कामास 'तअबीर' म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

फुलोऱ्याचा घड झाला म्हणजे त्यास 'इज्क' म्हणतात. (ह्यातील 'ज' आपला नव्हे, जिभेचे टोक दातांशी नेऊन उच्चारावयाचा, आपल्या लिपीत त्यास अक्षर नाही.) गंमत अशी की, पहिल्या स्वराचा 'इ' काढून 'अ' घातला, 'अज्क' म्हटले, की अर्थ घड न राहता फळांसकट सबंध झाड असा होतो. एका स्वराने घडाचे झाड होते! घडासच 'किन्व' व 'किबासा' अशीही नावे आहेत. घडाचा जो मुख्य दांडा, ज्यास पिवळट रंग व बाक असतो, तो 'उर्जून'. त्यापासून फुटलेल्या, ज्यांवर एकेक फळ लागलेले असते अशा बारीक काड्या, त्यांपैकी प्रत्येक 'शिम्राख'. फळ काडीस जेथे चिकटते तेथील लहान टोपी 'सफ्रूक'. केळीच्या घडात आपण फणी वेगळी ओळखतो, पण तिच्यापलीकडे आपली नजर जात नाही. खजुरीचा घड पाच-दहा किलोंचा व कधी त्याहूनही जड असतो, आणि त्याची निगा काडी-काडीने करावी लागते. काही शिम्राख कापून टाकले तरच उरलेल्यांवरील फळ भरते, आणि दांडा झावळीवर टेकवून बांधला नाही तर तो भाराने मोडतो. हे करणाऱ्यास दांडा व काडी ह्यांस एकच नाव ठेवून कसे चालेल?

उर्जूनाची एक उपमा प्रसिद्ध आहे. फळे काढून नेल्यावर जुना दांडा झाडावरच वाळतो, बारीक होतो, पिवळा पडतो व धनुष्यासारखा वाकतो. कुराणाच्या छत्तिसाव्या सुरेत चंद्राच्या कलांचे वर्णन आहे, व मासाच्या अखेरीस क्षीण झालेल्या चंद्रकोरीस जुन्या उर्जूनाची उपमा दिली आहे. आपल्याकडील मुलाने चंद्रकोर पाहून कोयत्याची आठवण करावी, तसेच हे. ज्याने वाळका उर्जून पाहिला नाही त्यास ती उपमा समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेल्या उपमेत रस थोडाच उरतो.

घडाच्या ह्या शब्दांपाठीमागे माणसेही उभी आहेत. मुसलमानी परंपरेत अशी एक हकीकत आहे की, महंमद पैगंबर व त्यांचे दोन सोबती भुकेले असता एका मदीनावासी गृहस्थाच्या घरी गेले. त्याने बागेतून एक घड तोडून आणला व तो तसाच पुढे ठेविला. त्या घडात कडक, रसरशीत मऊ, व वाळलेली, अशी तिन्ही तऱ्हांची फळे होती. कारण खजुरीच्या घडातील सर्व फळे एकदम पिकत नाहीत. मुस्लिम नामक संग्राहकाच्या ग्रंथात ह्या घडास 'इज्क' म्हटले आहे, तर तिर्मिजी ह्यांच्या ग्रंथात 'किन्व'. ह्या दुसऱ्या ग्रंथात पैगंबर त्यास विचारितात की, नुसती मऊ फळेच वेचून का आणिली नाहीस? यजमान म्हणतो की, आपणांस जी आवडतील ती आपणच वेचावी, म्हणून. घरचे हालहवाल कसेही असोत, पाहुण्यापुढे सबंध घड ठेवणाऱ्या ह्या माणसाचे आम्हांस फार कौतुक वाटते.

दुसरी हकीकत ह्याहून गंभीर आहे. एका अत्यंत दुर्बल व आजारी मनुष्याकडून अपराध घडला. त्यास शिक्षा शंभर फटक्यांची होती. लोक म्हणाले, शंभर फटके मारले तर हा मरेल. तेव्हा आज्ञा झाली ती अशी की, शंभर शिम्राख असलेला एक घड घ्यावा व त्याने ह्यास एकदाच मारावे. येथे घडास 'इस्काल' हा आणखी एक शब्द आला आहे. शिम्राखांचा झुबका असा त्याचा अर्थ. कायद्याचा शब्द राहिला, आणि माणूसही राहिला. भाषांतरकाराने येथे नुसते 'एक फांदी' असे लिहिले, तर शंभराचा आकडा कोठून आला हे वाचकास कळत नाही, आणि ज्या दयेसाठी ही हकीकत जपली गेली ती दया भाषांतरातून निसटते.

आता फळाच्या अवस्था. जौहरी नावाच्या जुन्या कोशकाराने त्यांचा क्रम असा लावून दिला आहे: आधी तलअ, मग 'खलाल', मग 'बलह', मग 'बुस्र', मग 'रुतब', आणि शेवटी तम्र. आज खजुरीचे शास्त्रज्ञ जगभर जी नावे वापरितात ती इराकातील बागाइतांची आहेत: हिरव्या कच्च्या फळास 'किमरी', पिवळे अथवा तांबडे झालेल्या पण कडक फळास खलाल, मऊ रसाळ झालेल्यास रुतब, वाळून टिकाऊ झालेल्यास तम्र. म्हणजे जुना खलाल व आजचा खलाल एक नव्हे. जुन्या कोशातील बुस्र तोच आजचा खलाल. तिकडे इजिप्तमध्ये बलह हा शब्द सरसकट खजुरासच लावू लागले आहेत. शब्दही झाडावर पिकत असतात, आणि प्रत्येक गावी निराळ्या वेळी, हे अशा ठिकाणी दिसून येते.

बुस्राचे रुतब होताना जो काळ जातो, त्याची कोशकारांनी केलेली विभागणी पाहून तर आम्ही थक्क झालो. कडक फळावर मऊपणाचे बारीक ठिपके दिसू लागले की ते एक नाव. मऊपणा शेपटीकडून, म्हणजे टोकाकडून, चढू लागला की फळ 'मुजन्निब'. 'जनब' म्हणजे शेपूट. मऊपणा अर्ध्यावर आला की निराळे नाव. दोन तृतीयांशांवर आला की 'हुलकान'. आणि सर्वभर पसरला की पुन्हा निराळे. एवढा तपशील कोणास हवा, असे शहरातील मनुष्य विचारील. ज्यास ते फळ उद्या बाजारात न्यावयाचे आहे त्यास हवा. मुजन्निब फळ प्रवास सोसते, पूर्ण रुतब सोसत नाही.

रुतब हा शब्द ख्रिस्ती वाचकांस आणखी एका कारणाने लक्षात राहील. कुराणाच्या एकोणिसाव्या सुरेत मरिया प्रसववेदनांनी व्याकूळ होऊन खजुरीच्या खोडाशी येते, व तिला सांगण्यात येते की खोड हलव, म्हणजे ताजी फळे तुझ्यापाशी पडतील. तेथे शब्द रुतब आहे, तम्र नव्हे. बाळंतिणीपुढे वाळका खजूर पडला असे वाचले, तर त्या प्रसंगातील ओलावाच गेला.

आपण मात्र ह्या फळाची दोनच रूपे ओळखतो, खजूर व खारीक. आणि आम्हांस लहानपणापासून वाटत असे की खजूर वाळविला म्हणजे त्याची खारीक होते. पुष्कळांची आजही तीच समजूत असेल. ती चुकीची आहे. खारीक खजुरापासून होत नाही. ती पिकण्याआधीच्या, कडक पिवळ्या फळापासून होते. ओमानात 'मबसली' नावाची एक जात आहे. तिचे घड ह्या अवस्थेत उतरवून फळे मोठ्या कढयांत उकळतात व मग उन्हात वाळवितात. ह्या क्रियेस तेथे 'तब्सील' म्हणतात, आणि हा माल पिढ्यानपिढ्या मुख्यतः हिंदुस्थानास येत असे. इराकात अशाच मालास 'खलाल मतबूख', म्हणजे उकळलेला खलाल, असे नाव आहे. फारशी भाषेत ह्या कडक अवस्थेस 'खारक' म्हणतात. आणि आपल्या शेजारी कच्छात, जेथे खजुरीच्या बागा आहेत, तेथे लोक ताज्या, पिवळ्या अथवा तांबड्या, कडक फळासच 'खारेक' म्हणतात. पावसाळ्याच्या सुमारास ही फळे काड्यांसकट मुंबई-पुण्याच्या बाजारात येतात. म्हणजे जो शब्द आपल्या वाण्याच्या दुकानात सुरकुतलेल्या फळावर बसला आहे, तो बागेत टवटवीत फळाचा आहे. फळ झाडावरून उतरून, उकळून, वाळून, गलबतात बसून आपल्याकडे आले. मधल्या साऱ्या अवस्था तिकडेच राहिल्या, व त्यांचे शब्दही.

ह्या अवस्थांच्या नावांवर माणसांची भाकर कशी अवलंबून होती, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. बुखारी (मृत्यू ८७०) ह्यांच्या हदीस-संग्रहात जैद इब्न साबित ह्यांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. मदीनेत लोक झाडावरचे फळ कच्चे असतानाच विकून टाकीत. मग काढणीच्या वेळी पैसे मागावयास माणूस आला की घेणारा म्हणे, फळास 'दुमान' लागला, 'मुराद' लागला, 'कुशाम' लागला. ही फळांच्या रोगांची नावे. असे तंटे फार वाढले, तेव्हा पैगंबरांनी सल्ला दिला की, फळाचा निभाव लागल्याचे दिसेपर्यंत विक्री करू नये. निभाव लागल्याचे ओळखावयाचे कशावरून? फळाने पिवळा अथवा तांबडा रंग धरला म्हणजे. ह्या रंग धरण्यास 'जह्व' असा शब्द आहे, आणि दुसऱ्या एका हकीकतीत त्याचे कारणही दिले आहे: देवाने फळच दिले नाही, तर आपल्या भावाचे पैसे तू कशाच्या बदल्यात ठेवशील? खुद्द जैद तर आपल्या जमिनीतील फळ कृत्तिका उगवेपर्यंत, पिवळे कोणते व तांबडे कोणते हे स्पष्ट होईपर्यंत, विकीत नसत. (हेच जैद पुढे कुराणाचे लिखाण एकत्र करण्याच्या कामावर नेमले गेले, व जे तुकडे त्यांनी गोळा केले त्यांत खजुरीच्या पाती काढलेल्या दांड्यांवर लिहिलेलेही होते.)

हे वाचताना आम्हांस आमचे घर आठवले. आमच्या वडिलांनी एका वर्षी घरची हापूसची कलमे मोहोरावरच एका व्यापाऱ्यास दिली होती. बहिणीच्या लग्नासाठी इसार आधी हवा होता. त्या वर्षी मळभ आले, तुडतुडे पडले, मोहोर करपला. व्यापारी चैत्रात दारी आला व इसार परत मागू लागला. त्याचेही बोलणे सर्वस्वी खोटे नव्हते. फळ नव्हते हे खरेच. पण पैसे लग्नात गेले होते. शेवटी दुभती म्हैस विकून ते फेडले. मोहोर व कैरी ह्यांच्यामध्ये एखादा असा शब्द आमच्या गावी असता, की ज्याच्या अलीकडे सौदाच होत नाही, तर काय झाले असते, हा विचार आम्ही अनेकदा केला आहे. लग्न कदाचित लांबले असते. म्हैस राहिली असती.

'तअबीर' हा शब्द ध्यानात ठेवण्यास सांगितले होते, तो येथे येतो. बाग विकली व त्या वेळी झाडांवर फळ होते, तर फळ कोणाचे? नियम असा की, तअबीर झाल्यानंतर बाग विकली तर त्या हंगामाचे फळ विकणाऱ्याचे, घेणाऱ्याने आधीच अट घातली नसेल तर. ज्याने झाडावर चढून नराच्या काड्या खोचल्या, त्याचा श्रम फळात गेला आहे, असा आम्ही ह्याचा अर्थ करितो. तसेच रुतब देऊन तितक्याच मापाचा तम्र घेणे निषिद्ध मानिले गेले. ह्याबद्दल विचारले असता पैगंबरांनी उलट विचारिले की, रुतब वाळला म्हणजे कमी होतो काय? होतो, असे उत्तर आले, तेव्हा मनाई झाली. कडक खलालात जेथे पाणी निम्म्याच्या आसपास असते, तेथे तम्रात ते सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते, हे आज मोजून सांगता येते. त्या लोकांनी ते मापट्याने ओळखले होते. मात्र गरिबाच्या अडचणीसाठी ह्या मनाईस लहानशी सूट ठेविली होती. पाच 'वस्क' नामक मापांच्या आतील फळापुरते असे देणेघेणे चाले, म्हणजे ज्याच्यापाशी नाणे नाही, जुना तम्रच आहे, त्याच्या मुलांस हंगामात ताजा रुतब मिळावा. रुतब व तम्र ह्यांस ज्या भाषेत एकच शब्द आहे तीत हा नियम नुसता सांगावयाचा म्हटला तरी चार वाक्ये लागतात. आम्हांस आताच लागली.

ही सर्व शब्दसंपत्ती जेथे नांदत होती त्या बसऱ्याच्या बनांची दशा पुढे फार वाईट झाली. १९८० ते १९८८ ह्या काळात इराण व इराक ह्यांच्यात जे युद्ध झाले त्यात शत्त-अल-अरब नदीच्या तीरांवरील लाखो खजुरी नष्ट झाल्या. पुढे समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढू लागल्याने उरलेल्यांपैकीही पुष्कळ गेल्या. २०१९ मध्ये चौदा अरब देशांच्या विनंतीवरून युनेस्कोने खजुरीसंबंधीचे ज्ञान, कसब व चालीरीती ह्यांस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२२ मध्ये कतार हा पंधरावा देश त्यात आला. यादीत नाव आले हे ठीकच. परंतु हुलकान हा शब्द यादीने टिकावयाचा नाही. तो टिकेल तर झाडावर चढणाऱ्याच्या तोंडी.

शेवटी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट स्वतः करून पाहावी. खजूर खाल्ल्यावर बी फेकून न देता धुवावी व उजेडात धरावी. तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असे एक पांढुरके आवरण दिसेल; ते 'कित्मीर'. एका बाजूस लांबट खाच असते व तिच्यात एक बारीक धागा असतो; तो 'फतील'. बी उलटी केली म्हणजे पाठीवर, साधारण मध्यावर, टाचणीने टोचल्यासारखा एक ठिपका दिसतो; तो 'नकीर'. कुराणात 'कोणावर तिळमात्र अन्याय होणार नाही' अशा अर्थाच्या जागी तिळाऐवजी हे फतील व नकीर येतात; आणि कवडीचाही धनी नसलेल्याचे वर्णन करताना तो कित्मीराचाही धनी नाही असे म्हटले आहे. ह्या नकीराच्याच खाली बीजाचा गर्भ असतो व अंकुर तेथूनच बाहेर येतो. बागाईत मात्र बी लावीत नाहीत, फसीलाच लावितात. कारण बीपासून झालेले झाड आईच्या जातीवर जाईलच असे नाही, आणि अशा झाडांत सुमारे निम्मे नर निघतात.

झावळीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने हे ऐकूनही प्रयोगशाळेबाहेरच्या कुंडीत एक बी पुरली आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिला एकच उभे, अखंड पाते आले होते; त्यास अजून सअफ म्हणता येत नाही. झाड नर आहे की मादी, हे कळण्यास आणखी पाच-सात वर्षे तरी लागतील, आणि तोवर तो मुलगा शाळेतून गेलेला असेल.